नवा मदरबोर्ड, ग्राफिक्स कार्ड घेताय? पेडणे-डिचोलीची हवा आणि वीज आधी लक्षात घ्या

पेडणे / डिचोली : बारावीचे निकाल लागले, कॉलेजचे प्रवेश झाले की म्हापसा आणि पणजीतील कॉम्प्युटरच्या दुकानांत गर्दी वाढते. पेडणे, डिचोली, साखळीबरोबरच सीमेपलीकडून दोडामार्ग, बांदा, सावंतवाडीहूनही मुले पालकांना घेऊन येतात. मुलाने मोबाईलवर चार-पाच परीक्षणे पाहिलेली असतात. कोणता मदरबोर्ड, कोणते ग्राफिक्स कार्ड हे त्याने ठरवूनच टाकलेले असते. पैसे बापाचे, निर्णय व्हिडिओचा.

ही परीक्षणे खोटी नसतात. पण ती बहुतेक वेळा वातानुकूलित खोलीत, स्थिर वीजपुरवठ्यावर, कोरड्या हवेत केलेली असतात. हरमल-मोरजीच्या खाऱ्या वाऱ्यात, डिचोलीच्या लाल धुळीत, किंवा वळवाच्या पावसात लाईट तीनदा जाते-येते तेव्हा तोच बोर्ड कसा वागेल, हे त्यात कुणी सांगत नाही. विजेच्या झटक्याने किंवा गंजाने बोर्ड गेला तर बहुतेक कंपन्यांची वॉरंटीही लागू होत नाही. म्हणून परीक्षणातले काय घ्यावे, काय सोडावे आणि आपल्याकडचे काय त्यात मिळवावे, याची ही माहिती.

बोर्ड आधी, बाकी नंतर

ग्राफिक्स कार्ड उद्या बदलता येते, रॅम वाढवता येते. मदरबोर्ड बदलायचा म्हणजे जवळजवळ अख्खा पीसी उघडावा लागतो. कोणता प्रोसेसर बसेल, कोणती रॅम चालेल, पुढे किती वाढवता येईल, हे सगळे बोर्डच ठरवतो. त्यामुळे पहिला प्रश्न सॉकेटचा.

इंटेलच्या बाराव्या, तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर एलजीए १७०० या सॉकेटवर बसतात. ही मालिका २०२१च्या अखेरीस सुरू झाली आणि चौदावी पिढी ऑक्टोबर २०२३मध्ये आली. ऑक्टोबर २०२४मध्ये आलेल्या कोअर अल्ट्रा २०० मालिकेसाठी एलजीए १८५१ हे वेगळे सॉकेट आहे. जुन्या बोर्डावर नवा प्रोसेसर आणि नव्या बोर्डावर जुना प्रोसेसर बसत नाही.

एएमडीकडे एएम४ आणि एएम५ अशी दोन सॉकेट बाजारात दिसतात. रायझन प्रोसेसर २०१७मध्ये एएम४वर आले. एएम५ सप्टेंबर २०२२मध्ये आले आणि २०२७पर्यंत व त्यापुढेही त्याला साथ देऊ, असे कंपनीने जाहीर केलेले आहे. तीन-चार वर्षांनी बोर्ड तोच ठेवून फक्त प्रोसेसर बदलायचा विचार असेल, तर ही बाब महत्त्वाची. एलजीए १७०० स्वस्तात मिळते, पण त्या बोर्डावर पुढची पिढी येणार नाही, हे समजून घ्यावे.

दुसरा प्रश्न रॅमचा. डीडीआर४ आणि डीडीआर५ या दोन्हींच्या पट्टीवरची खाच वेगळ्या जागी असते. एकाची रॅम दुसऱ्याच्या स्लॉटमध्ये जात नाही. एएम५ बोर्ड फक्त डीडीआर५ घेतात. एलजीए १७००चे बोर्ड मात्र दोन्ही प्रकारांत येतात आणि नावात फरक एखाद्या अक्षराचा असतो, त्यामुळे बिल करण्यापूर्वी खोक्यावर काय छापले आहे ते वाचावे. २०२५च्या अखेरीपासून रॅमचे दर जगभर चढले आहेत. घरात चांगली डीडीआर४ रॅम पडून असेल, तर डीडीआर४चा बोर्ड घेऊन बऱ्यापैकी पैसे वाचू शकतात.

तिसरा प्रश्न आकाराचा. एटीएक्स बोर्ड ३०५ बाय २४४ मिलिमीटर, मायक्रो-एटीएक्स २४४ बाय २४४ आणि मिनी-आयटीएक्स १७० बाय १७०. जुने कॅबिनेट वापरायचे असेल तर आधी पट्टी लावून मोजावे.

नावातले अक्षर काय सांगते

इंटेलच्या बोर्डावर एच, बी आणि झेड ही अक्षरे दिसतात. एच६१०, एच८१० ही साधी श्रेणी, बी६६०, बी७६०, बी८६० ही मधली, तर झेड७९०, झेड८९० ही वरची. प्रोसेसरचा वेग स्वतः वाढवायचा असेल तरच झेड लागतो. बिलिंग, टायपिंग, शाळा-कॉलेजचा अभ्यास, ऑनलाईन अर्ज भरणे यासाठी तो खर्च वाया जातो. एएमडीकडे ए६२० साधी, बी६५० आणि बी८५० मधली, एक्स६७० आणि एक्स८७० वरची श्रेणी आहे. ए६२०वर प्रोसेसरचा वेग वाढवता येत नाही. बहुतेक घरांना आणि दुकानांना मधली श्रेणी पुरते.

एक गफलत नेहमी होते. सगळे पैसे प्रोसेसरवर घालून बोर्ड सर्वांत स्वस्त घेतला जातो. प्रोसेसरला वीज पुरवणारा बोर्डावरचा भाग म्हणजे व्हीआरएम. स्वस्त बोर्डांवर त्याच्यावर हीटसिंकही नसतो. आय५-१२४०० प्रोसेसर जोरात चालतो तेव्हा कमाल ११७ वॅट घेऊ शकतो, आय५-१४४०० हा १४८ वॅट आणि आय७-१४७०० तर २१९ वॅट. खोक्यावर मात्र तिघांचाही मूळ आकडा ६५ वॅटच असतो. उघड्या व्हीआरएमच्या एच६१० बोर्डावर आय७ बसतो, सुरूही होतो, पण व्हिडिओ एडिटिंगसारखे लांबलचक काम दिले की बोर्ड तापतो आणि प्रोसेसरचा वेग आपोआप खाली येतो. मग आय७चे पैसे मोजून काम आय५चे मिळते.

परीक्षणातला तापमानाचा आकडा

परीक्षणात ‘व्हीआरएम ८५ अंश, ग्राफिक्स कार्ड ७२ अंश’ असे आकडे येतात. ते वाचताना त्या खोलीचे तापमान शोधावे. चांगले परीक्षक ते सांगतात आणि ते बहुधा २० ते २२ अंशांच्या आसपास असते. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पंख्याखालची खोली ३२-३३ अंशांवर असते. म्हणजे परीक्षणातल्या आकड्यात साधारण १० ते १२ अंश मिळवायचे. तिकडे ८५ असेल तर इकडे ९५ धरायचे. तिकडेच ९५च्या वर असलेला बोर्ड आपल्याकडे एसी नसलेल्या खोलीसाठी घेऊ नये. परीक्षणातली ‘उत्तम’, ‘जबरदस्त’ ही विशेषणे सोडून हा एवढा हिशेब केला, तरी अर्धी निवड होते.

नवा बोर्ड म्हणजे निर्दोष बोर्ड नव्हे

बाजारात आल्याच्या पहिल्याच आठवड्यात झालेल्या परीक्षणावर विसंबून खरेदी करू नये, हे दोन घटनांनी दाखवून दिले.

एप्रिल-मे २०२३मध्ये एएमडीच्या रायझन ७००० एक्स३डी मालिकेतले काही प्रोसेसर एएम५ बोर्डांवर जळाल्याचे पुढे आले. काही ठिकाणी प्रोसेसरबरोबर सॉकेटही गेले. बोर्ड प्रोसेसरला गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज देत असल्याचे दिसून आले. त्यानंतर बायोसमध्ये बदल करून हे व्होल्टेज १.३ व्होल्टपर्यंत मर्यादित केले गेले.

दुसरी घटना इंटेलची. तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे वरचे प्रोसेसर काही महिन्यांत अस्थिर होत होते. खेळ मध्येच बंद पडायचे, निळा पडदा यायचा. ऑगस्ट २०२४पासून कंपनीने दुरुस्तीचा मायक्रोकोड दिला. तो बोर्डाच्या बायोस अपडेटमधूनच मिळतो. झालेले नुकसान मात्र त्याने भरून येत नाही, म्हणून बाधित प्रोसेसरची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवण्यात आली. असा प्रोसेसर ज्यांच्याकडे आहे आणि बायोस कधीच बदललेला नाही, त्यांनी ते काम टाळू नये.

बायोस अपडेट करताना लाईट गेली तर बोर्ड तिथेच बंद पडू शकतो. मळभ आलेले असताना, गडगडाट सुरू असताना हे काम हाती घेऊ नये आणि यूपीएसशिवाय तर नाहीच. नवा बोर्ड घेताना दुकानातच अपडेट करून मागावे. बी७६०चा जुना साठा आणि चौदाव्या पिढीचा प्रोसेसर, किंवा बी६५०चा जुना साठा आणि रायझन ९००० मालिका अशी जोडी असेल, तर अपडेटशिवाय पीसी सुरूच न होण्याची शक्यता असते. काही बोर्डांवर मागच्या बाजूला बायोस फ्लॅशबॅकचे बटण असते. त्याने प्रोसेसर न बसवताही पेनड्राईव्हवरून अपडेट होते. थोडे जास्त पैसे देऊन हे बटण असलेला बोर्ड घ्यायला हरकत नाही.

ग्राफिक्स कार्ड : नाव एक, माल दोन

ग्राफिक्स कार्ड सगळ्यांना लागत नाही. ऑफिसचे काम, टॅली, ऑनलाईन वर्ग, सिनेमा पाहणे हे प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सवर होते. पण इंटेलच्या प्रोसेसरच्या नावामागे ‘एफ’ अक्षर असेल, तर त्यात ग्राफिक्स नसते आणि कार्ड घ्यावेच लागते. खेळ, थ्रीडी डिझाईन, लग्नाच्या व्हिडिओंचे एडिटिंग करणारे स्टुडिओ यांना कार्ड लागते.

इथे सर्वांत मोठी फसगत नावाची. आरटीएक्स ३०५० हे कार्ड जानेवारी २०२२मध्ये ८ जीबी मेमरीसह आले. फेब्रुवारी २०२४मध्ये त्याच नावाने ६ जीबीचे कार्ड आले. फरक फक्त २ जीबीचा नाही. नव्यात गणना करणारे कोअर २५६०वरून २३०४वर आले आणि मेमरीची वाट १२८ बिटवरून ९६ बिटवर आली. परीक्षण ८ जीबीचे पाहायचे आणि हातात ६ जीबीचे यायचे, असे सहज होऊ शकते. ६ जीबीच्या कार्डाचा एक गुणही आहे. ते ७० वॅटवर चालते आणि बहुतेक मॉडेल्सना वेगळी वायर लागत नाही, म्हणून जुन्या साध्या एसएमपीएसवरही चालून जाते. ज्याला तेवढेच हवे, त्याने ते जाणून घ्यावे.

२०२५मध्ये आलेल्या मधल्या कार्डांतही तेच. आरटीएक्स ५०६० टीआय ८ जीबी आणि १६ जीबी अशा दोन प्रकारांत आहे, आरएक्स ९०६० एक्सटीसुद्धा तसेच. अमेरिकेतील जाहीर किमती पाहिल्या तर पहिल्याच्या दोन प्रकारांत ३७९ आणि ४२९ डॉलर, दुसऱ्याच्या दोन प्रकारांत २९९ आणि ३४९ डॉलर, म्हणजे दोन्हींत ५० डॉलरचा फरक होता. कार्ड चार-पाच वर्षे वापरायचे असेल तर १६ जीबीचा प्रकार पुढे उपयोगी पडतो. ८ जीबी आजच काही नव्या खेळांत अपुरे पडते.

जुन्या बोर्डावर नवे कार्ड घालणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. आरटीएक्स ५०६० आणि ५०६० टीआय ही कार्डे बोर्डाशी १६ऐवजी ८च मार्गांनी बोलतात. पाचव्या पिढीच्या पीसीआयई स्लॉटवर ते पुरते. पाच-सहा वर्षांपूर्वीच्या तिसऱ्या पिढीच्या बोर्डावर ही वाट एक चतुर्थांश होते, आणि ८ जीबी मेमरी भरली की त्याचा फटका जाणवतो. जानेवारी २०२२मध्ये आलेले आरएक्स ६५०० एक्सटी तर चारच मार्गांचे होते. जुन्या बोर्डावर ते स्पष्टपणे मंदावत असल्याचे तेव्हाच्या परीक्षणांनी दाखवले. आरएक्स ९०६० एक्सटीला पूर्ण १६ मार्ग आहेत, म्हणून जुन्या बोर्डासाठी ते जास्त सोयीचे.

एसएमपीएस, यूपीएस आणि अर्थिंग

पेडणे-डिचोली भागात पीसी बिघडण्याचा विषय निघाला की पहिला शब्द येतो तो ‘करंट’. व्होल्टेज कमी-जास्त होणे, लाईट जाऊन लगेच येणे आणि वळवाच्या दिवसांतली वीज, या तिन्हींचा मार एसएमपीएस आणि बोर्डावर पडतो. एप्रिल-मेमध्ये आणि पाऊस परतताना ऑक्टोबरमध्ये गडगडाट जास्त असतो.

एसएमपीएस घेताना त्याच्यावरचे लेबल वाचावे. ‘१०० ते २४० व्होल्ट’ लिहिलेला एसएमपीएस संध्याकाळी व्होल्टेज पडले तरी चालत राहतो. ‘२०० ते २४०’ लिहिलेल्याला ते झेपत नाही. ‘८० प्लस’चा शिक्का म्हणजे वीज किती वाया जात नाही याचे माप आहे. त्याचा झटक्यापासून संरक्षणाशी संबंध नाही. आरटीएक्स ५०६०साठी कंपनी ५५० वॅटचा एसएमपीएस सुचवते.

यूपीएसचा हिशेब बहुतेक वेळा चुकतो. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच देतो. आय५-१४४००चे कमाल १४८ वॅट, आरटीएक्स ५०६०चे १४५ वॅट, मॉनिटर, डिस्क, पंखे धरून आणखी ७० वॅट, झाले ३६३. एसएमपीएसमध्ये वाया जाणारी वीज धरली की ४०० वॅट. खेळ सुरू असताना लाईट गेली की असा यूपीएस किंचाळून बंद पडतो. अशा पीसीला ६०० वॅट देणारा १००० व्हीएचा यूपीएस लागतो. ग्राफिक्स कार्ड नसलेल्या साध्या पीसीला ६०० व्हीए पुरतो.

या सगळ्याच्या खाली अर्थिंग आहे. ते नसेल तर सर्ज प्रोटेक्टर लावूनही उपयोग नाही, कारण झटका जमिनीत जायला वाटच नसते. जांभ्या दगडाच्या जमिनीत उन्हाळ्यात ओल गेली की अर्थिंग कमजोर पडते. पीसीच्या कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर अर्थिंग नाही, असे समजावे. वायरमनकडून न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातले व्होल्टेज मोजून घ्यावे. ते दोन-तीन व्होल्टच्या वर असेल तर आधी ते काम करावे, पीसी नंतर घ्यावा. मोठ्या ग्राफिक्स कार्डापेक्षा हा खर्च कितीतरी कमी आहे.

वीज फक्त लाईटच्या वायरने येत नाही. खांबावरून घरात येणाऱ्या तांब्याच्या इंटरनेट केबलनेही ती येते आणि बोर्डावरचा लॅन पोर्ट उडवते. फायबर जोडणीत काचेच्या तारेतून झटका येत नाही, पण त्या डब्याचा अॅडॉप्टर सॉकेटमध्येच असतो. म्हणून गडगडाट सुरू झाला की पीसी आणि इंटरनेटचा डबा दोन्हींचे प्लग काढावेत. नुसते बटण बंद करून भागत नाही.

खारा वारा, दमट हवा, लाल धूळ

मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की पाणी ओढून विरघळू लागते. पावसाळ्यात आपल्या किनारपट्टीवर आर्द्रता ७५च्या बरीच वर असते. हरमल, मांद्रे, मोरजी, केरी भागात बोर्डावर बसलेला खारा थर जून ते सप्टेंबर ओलाच राहतो आणि रॅमचे स्लॉट, पोर्ट, स्क्रू यांना धरतो. डिचोलीकडे समुद्र दूर, पण खनिज वाहतुकीच्या रस्त्यालगत बारीक लाल धूळ पंख्यांत आणि हीटसिंकमध्ये बसते. धूळ ओल धरून ठेवते आणि हवाही अडवते.

उपाय साधे आहेत. पीसी जमिनीवर किंवा भिंतीला चिकटून ठेवू नये. समुद्राच्या बाजूच्या खिडकीजवळ तर नाहीच. समोर धुळीची जाळी असलेले कॅबिनेट घ्यावे आणि ती जाळी महिन्यातून एकदा काढून धुवून पूर्ण वाळवून लावावी. पावसाळ्यात पीसी आठवड्यातून दोन-तीनदा तासभर तरी चालू ठेवावा. आतल्या उबेने ओल निघून जाते. चतुर्थीनंतर एकदम महिन्या-दोन महिन्यांनी सुरू केलेला पीसी चालू झाला नाही, तर पुन्हापुन्हा बटण न दाबता आधी रॅम काढून तिच्या सोनेरी कडा साफ कराव्यात. एसीच्या खोलीतून बाहेर नेलेल्या पीसीवर दव धरते, तो लगेच सुरू करू नये.

जुना पीसी टाकायचा की वाढवायचा

विंडोज १०चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. घरगुती वापरकर्त्यांसाठी वाढीव सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत आहे. विंडोज ११ला टीपीएम २.० आणि यादीतला प्रोसेसर लागतो. इंटेलमध्ये साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचा. ‘पीसी चालत नाही’ असे सांगून नवा घ्यायला लावण्याआधी बायोसमध्ये टीपीएम नुसते बंद तर नाही ना, हे पाहून घ्यावे. बऱ्याच बोर्डांवर ते असते, फक्त चालू करायचे राहिलेले असते.

जुने ग्राफिक्स कार्ड घेणाऱ्यांनी त्याचा इतिहास विचारावा. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या आभासी चलनाची पद्धत बदलली आणि ग्राफिक्स कार्डांवर ते कमावणे संपले. तोवर दिवसरात्र चाललेली असंख्य कार्डे बाजारात आली आणि आजही हातोहात फिरतात. बिल आणि उरलेली वॉरंटी नसेल, तर डोळ्यांसमोर अर्धा तास भार देऊन चालवून दाखवल्याशिवाय पैसे देऊ नयेत. जुना बोर्ड घेताना सॉकेटच्या भोवतालचे कपॅसिटर फुगलेले नाहीत ना, पोर्टांवर हिरवट गंज नाही ना, हे टॉर्च मारून पाहावे.

सीमा ओलांडून घेतले तर स्वस्त पडते का?

पेट्रोल आणि दारूमुळे गोव्यात सगळेच स्वस्त, अशी समजूत आहे. मदरबोर्ड आणि ग्राफिक्स कार्डाबाबत ती खरी नाही. १ जुलै २०१७पासून जीएसटी आला आणि या मालावर देशभर १८ टक्केच कर आहे. पत्रादेवीच्या अलीकडे आणि पलीकडे कर सारखाच. किमतीत फरक पडतो तो दुकानदाराच्या नफ्याचा आणि साठ्याचा. ‘बिल नको, थोडे कमी करतो’ या बोलण्याला भुलू नये. बिल नसले तर वॉरंटी अनेकदा सिरियल नंबरवरून, म्हणजे माल कारखान्यातून निघाल्याच्या सुमारापासून मोजली जाते आणि तक्रारीला आधारच उरत नाही.

जीएसटी नोंदणी असलेल्या स्टुडिओ, सायबर कॅफे, दुकानदारांनी आपला नंबर बिलावर घालून घ्यावा. सिंधुदुर्गात नोंदणी असलेल्यांनी गोव्यात खरेदी करताना बिल करण्यापूर्वीच कर सल्लागाराला विचारावे. गोव्याचा एसजीएसटी लागला तर त्याची वजावट महाराष्ट्रात मिळत नाही.

आखातातून भावाने किंवा काकाने आणलेल्या कार्डाबाबतही तेच. वॉरंटी अनेकदा त्या देशापुरतीच असते. आणण्याआधी कंपनीच्या संकेतस्थळावर तपासावे.

वाद झालाच तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार करता येते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो, तिथल्या जिल्हा आयोगाकडेही दाद मागता येते. म्हणजे म्हापशात खरेदी केलेल्या दोडामार्गच्या ग्राहकाला सिंधुदुर्ग जिल्हा आयोगाकडे जाता येते, गोव्यात खेटे घालावे लागत नाहीत. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला आयोगाचे शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची. पण त्यासाठीही बिल हवेच.

बोर्ड येतो कुठून

आज दुकानात दिसणाऱ्या बहुतेक मदरबोर्डांवरची नावे तैवानी कंपन्यांची आहेत. गोव्याला हा धंदा अगदीच परका नाही. वेर्णा औद्योगिक वसाहतीत डी-लिंक इंडिया आणि स्मार्टलिंक या कंपन्यांनी नेटवर्किंगच्या मालाबरोबर एकेकाळी मदरबोर्डांचेही काम केले. पेडणे तालुक्यात तुये येथे सुमारे ६ लाख चौरस मीटर जागेवर इलेक्ट्रॉनिक सिटीची योजना आखली गेली. इन्फोटेक कॉर्पोरेशन ऑफ गोवाकडे तिची जबाबदारी आहे. तिथे कारखाने उभे राहिले तर तालुक्यातल्या पोरांना बोर्ड विकत घेण्यापलीकडे तो बनवण्याचे आणि दुरुस्त करण्याचे कामही मिळू शकते. तोवर बोर्ड बिघडला की तो कुरियरने किती लांब जाणार, हाच ग्राहकाचा प्रश्न आहे.

दुकानात विचारायचे प्रश्न

१. या बोर्डाचे सॉकेट कोणते आणि पुढची पिढी त्यावर बसेल का?

२. रॅम डीडीआर४ की डीडीआर५, आणि स्लॉट दोन की चार?

३. बायोस या प्रोसेसरसाठी अपडेट केला आहे का? इथेच चालू करून दाखवा.

४. सॉकेटवरची प्लास्टिकची झाकणी काढून आतल्या पिना सरळ आहेत का, ते माझ्यासमोर पाहू या. पीन वाकलेली निघाली तर नंतर वॉरंटी मिळत नाही. ही झाकणी घरी जपून ठेवावी, बोर्ड परत पाठवताना लागते.

५. ग्राफिक्स कार्डाची मेमरी किती, मार्ग किती, लांबी किती? कॅबिनेटमध्ये बसेल का?

६. एसएमपीएसचे इनपुट १०० ते २४० व्होल्ट आहे का?

७. वॉरंटी किती वर्षे? बिघडले तर सेवा केंद्र म्हापशात, पणजीत की थेट मुंबईत? पाठवण्याचा खर्च कुणाचा?

८. बिलावर प्रत्येक वस्तूचे मॉडेल आणि सिरियल नंबर लिहून द्या.

सातव्या प्रश्नाचे उत्तर बरेचदा बाकी सगळ्यांपेक्षा मोठे ठरते. दोन बोर्डांत परीक्षणात दोन-चार टक्क्यांचा फरक असेल आणि त्यातल्या एकाचे सेवा केंद्र म्हापशात असेल, तर तोच बोर्ड घ्यावा. परीक्षा तोंडावर असताना महिनाभर पीसी बंद राहिला, तर ते दोन-चार टक्के कुणाच्या उपयोगाचे नसतात.